मोबाईल हिसकावला की पोरगं सांगायचं बंद होतं

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रांत एका ज्येष्ठ वाचकांनी लिहिलं होतं की १८ वर्षांखालच्या पोरांच्या हातात मोबाईलच देऊ नका, गावोगावच्या ग्रामसभांनी तसा ठराव करावा, म्हणजे इन्स्टावरचा त्रास, फेक आयडी, फोटो फिरवणं सगळं आपोआप बंद पडेल. त्यांचा राग मला कळतो, खोटा नाहीये. पण मी चोपड्यात मोबाईल रिपेअरिंगचं दुकान चालवतो, आणि असा त्रास झालेली पोरं आधी घरी सांगत नाहीत, सरांना सांगत नाहीत, माझ्या काउंटरवर येतात. का येतात ते मला चांगलं माहितीये म्हणून लिहितोय. पत्र लांबलंय, कापायचं तर कापा, फक्त मधले मदतीचे नंबर कापू नका.

ठरावाचं आधी बोलतो. यवतमाळच्या पुसद तालुक्यातल्या बांशी गावानं २०२२ मध्ये असा ठराव केलाच होता, १८ खालच्यांना मोबाईल बंद, सगळ्या चॅनेलवर आलं होतं. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं वेगळं काहीतरी केलं, संध्याकाळी ७ ला भोंगा वाजायचा आणि दीड तास अख्ख्या गावाचे टीव्ही-मोबाईल बंद, पोरांचे पण आणि आईबापाचे पण. मला विचाराल तर हे दुसरं जास्त पटतं, कारण त्यात एकटं पोरगं गुन्हेगार ठरत नाही. ऑस्ट्रेलियानं तर डिसेंबर २०२५ पासून १६ खालच्यांना सोशल मीडियाचं खातंच बंद केलं, पण तिथं दंड कंपनीला आहे, पोराला नाही आणि आईबापाला पण नाही. आपल्याकडे बंदी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काय येतं, तर बाप पोराच्या हातातून फोन ओढतोय. कंपनीला हात लावायची आपली टाप नाही म्हणून पोराला धरायचं, असं होतं ते.

आणि बंदीनं त्रास थांबतो का हो? ज्या पोरीकडे फोनच नाही तिच्या नावाचं इन्स्टा खातं मी स्वतः बघितलंय. गॅदरिंगच्या नाचाचा फोटो सरांनी कौतुकानं शाळेच्या ग्रुपवर टाकला, तिथून कोणीतरी तिचं तोंड कापलं, खाली घाण गाणं लावलं आणि खातं सुरू. तिला स्वतःला चार दिवस पत्ता नव्हता. वर्गात शिरली की पोरं खिदळायची, का खिदळतात ते तिला कळेना. आता हिच्याकडून काय काढून घेणार? तिच्याकडे होताच कुठे मोबाईल.

पोरं दुकानात येतात तेव्हा सरळ बोलत नाहीत. आधी टेम्पर्ड ग्लासची किंमत विचारतील, मग चार्जर बघतील, दुसरं गिऱ्हाईक गेलं की हळूच, दादा एखाद्याची आयडी बंद करता येते का, माझी नाही, दुसऱ्याची. एक पोरगं खेड्यावरून आलेलं, फोन माझ्यापुढे धरून नुसतं म्हणालं, दादा माले कायबी समजी नही राह्यनं. स्क्रीनवर त्याच्याच फोटोची व्हॉट्सॲप स्टिकरं होती, एकावर म्हशीचं धड लावलेलं, आणि वर्गाच्या ग्रुपवर कोणी काही लिहिलं की उत्तर म्हणून तेच स्टिकर पडायचं. गणिताचा होमवर्क काय आहे, स्टिकर. उद्या सुट्टी आहे का, स्टिकर. मोठ्या माणसाला वाटेल एवढ्याशा चित्रानं काय होतं. रोज सकाळी उठून आपल्याच तोंडाचं म्हशीचं चित्र पन्नास पोरांच्या फोनमध्ये फिरताना बघा मग सांगा.

बाकी काय काय चालतं त्याची घरच्यांना कल्पना नसते. शाळेच्या नावानं पेज काढतात, कन्फेशन पेज म्हणतात त्याला, कोणी कोणाबद्दल काहीही निनावी पाठवायचं आणि पेजवाला ते छापतो. ग्रुपवर पोल टाकतात, वर्गातला सगळ्यात अमुक कोण, आणि चार नावं. एखाद्याला ग्रुपमध्ये घ्यायचं, शिव्या द्यायच्या, काढून टाकायचं, परत घ्यायचं. गेम खेळताना माईकवर जातीवरून बोलायचं, रंगावरून तर विचारूच नका. आणि आता एआयची ॲपं आलीत, पोरीच्या साध्या शाळेच्या ड्रेसमधल्या फोटोवरून नको तसा फोटो बनवून देतात, पैसे पण लागत नाहीत कधीकधी. ह्यातलं कुठलंच करायला हुशार लागत नाही, नववीतलं पोरगं दहा मिनिटांत करतं.

निनावी प्रश्नांची एक लिंक पोरं स्टोरीला लावतात, एनजीएल नावाचं ॲप, मला काहीही विचारा, तुमचं नाव कळणार नाही. ह्या कंपनीवर अमेरिकेत सरकारनं केस केली होती, २०२४ मध्ये ५० लाख डॉलर भरून मिटवावी लागली आणि १८ खालच्यांना ॲप द्यायचं नाही असं कबूल करावं लागलं. आरोप काय होता ऐका, कोणी प्रश्न विचारत नसेल तर कंपनी स्वतःच खोटे निनावी मेसेज पाठवायची, आणि कोणी पाठवलं त्याचा इशारा पाहिजे असेल तर पैसे मागायची. म्हणजे आपलं पोरगं रात्री दोनला रडतंय की माझ्याबद्दल असं कोण लिहितंय, आणि लिहिणारी मशीन असू शकते. हे मी पोरांना सांगतो तेव्हा त्यांना पहिल्यांदा खरोखरचा राग येतो, रडू नाही. तो राग बरा.

आता गंमत कुठे संपते आणि त्रास कुठे सुरू होतो, हे प्रत्येक आईबाप विचारतो. आम्ही पण लहानपणी चिडवायचो म्हणतात. डॅन ओल्वेयस नावाचे एक संशोधक होते, नॉर्वेत काम केलं त्यांनी, १९८२ च्या शेवटी तिथं तीन मुलांनी जीव दिला आणि मग १९८३ मध्ये अख्ख्या देशात शाळांसाठी मोहीम काढली गेली, त्यात हे होते. त्यांचं मोजमाप सोपं आहे, मुद्दाम केलेलं, परत परत केलेलं, आणि ज्याला त्रास होतो तो बरोबरीचा नाही, उलटून बोलू शकत नाही असा. दोन दोस्त एकमेकाला शिव्या देतात आणि संध्याकाळी सोबत भेळभत्ता खातात, ते सोडून द्या. एकच पोरगं रोज, आणि त्याला उलट बोलायची सोय नाही, तर ते वेगळं. मोबाईलवर एवढाच फरक पडतो की परत परत करायला त्याच माणसाची गरज नाही, एकानं एकदा टाकायचं, बाकीचे चाळीस जण फॉरवर्ड करून परत परत करून टाकतात. आणि पूर्वी शाळा सुटली की सुटका होती, आता ते पोराच्या उशाशी येतं.

बरं मग पोरगं घरी का सांगत नाही. मी विचारतो ना, तर उत्तर जवळजवळ ठरलेलं असतं, मोबाईल जाईल. त्याच्या डोक्यातला हिशोब बघा, त्रास तर आहेच, वर सांगितलं तर फोन पण जाणार, दोस्त पण जाणार, बारावीचे नोट्स ज्या ग्रुपवर येतात तो पण जाणार, आणि ज्यानं केलं त्याचं काहीच जाणार नाही. मग शहाणं पोरगं गप्पच बसेल. त्यात बऱ्याच घरांत फोन एकच असतो, बापाचा नाहीतर आईचा. शहादा-तळोद्याकडची, धडगावकडची कुटुंबं ऊसतोडीला नाहीतर सुरतेला गेली की पोरगं आजीकडे नाहीतर आश्रमशाळेत, आणि आईबापाशी बोलायचं ते त्याच फोनवर. तो फोन काढून घेतला तर त्याचा त्रास सांगायचा रस्ताच आपण बुजवला ना.

पोरींचं तर ह्याहून वाईट. पोरानं सांगितलं तर फोन जातो, पोरीनं सांगितलं तर शाळा जाते. मी बघितलंय, फोटो दुसऱ्यानं फिरवला, आणि पोरीला क्लास बंद, मैत्रिणी बंद, मामाकडे पाठव, आणि पुढच्या तुळशीच्या लग्नानंतर स्थळं बघायला सुरुवात. अजून १८ पूर्ण नाही तरी. घरच्यांना वाटतं आपण इज्जत वाचवली. ज्या पोरानं फोटो फिरवला तो तिकडे कॉलेजला बुलेटवर फिरतोय. हे बघून दुसरी पोरगी कशाला तोंड उघडेल.

म्हणून माझं आईबापांना एकच म्हणणं आहे, आज, काही झालेलं नसताना, जेवताना पोराला सांगून ठेवा की असं काही झालं आणि तू मला सांगितलंस तर मी तुझा फोन घेणार नाही, तुझी शाळा बंद करणार नाही. आणि वेळ आली की तो शब्द पाळा. तिथंच गाडी अडते आपली.

मी फोनवाला आहे म्हणून फोनची बाजू घेतोय असं वाटेल कोणाला. तसं नाही, १३ खाली इन्स्टा नको हे त्या कंपनीचाच नियम म्हणतो, आणि मी पण म्हणतो. आईबाप नऊ-दहा वर्षांचं लेकरू घेऊन येतात, भाऊ ह्याची आयडी काढून दे, रील बनवतो छान. मी काढून देत नाही. मग घरी कोणीतरी काढून देतं, जन्मसाल २००० टाकून. इथं एक गोष्ट कोणाच्या लक्षात येत नाही. इन्स्टानं १८ खालच्यांसाठी टीन अकाउंट आणलंय, भारतात २०२५ च्या फेब्रुवारीपासून, त्यात खातं आपोआप प्रायव्हेट असतं, अनोळखी माणूस मेसेज करू शकत नाही, आणि १६ खालच्या पोराला ते ढिलं करायचं तर आईबापाची परवानगी लागते. जन्मतारीख खोटी टाकली की पोरगं इन्स्टाच्या लेखी पंचवीस वर्षांचा बाप्या, ह्यातलं काहीच लागू नाही. आधी घरातल्या पोराच्या आयडीचं जन्मसाल तपासा, बाकी सेटिंग नंतर.

आता जरा आपल्या भागाचं. अहिराणी बोलणाऱ्या पोरांवर जे चालतं ते बघून माझं डोकं सणकतं. लग्नात डीजेवर अहिराणी गाणं वाजलं की जळगाव-धुळ्याचा डॉक्टर पण नाचतो, यूट्यूबवर त्याच गाण्यांना लाखोंनी व्ह्यू पडतात, आणि वर्गाच्या ग्रुपवर खेड्यातल्या पोरानं व्हॉइस मेसेजमध्ये मला ऐवजी माले म्हटलं की त्याची क्लिप कापून खाली हसण्याचा आवाज लावून फिरवतात. आणि फिरवणारा कोण, ज्याची आजी घरात तसंच बोलते तो. हे पोरगं मग ग्रुपवर बोलायचं बंद होतं, मग वर्गात, मग तोंडी परीक्षेत. सर म्हणतात पोरगं अबोल आहे. ते जन्मतः अबोल नव्हतं हो.

शाळेचं बोलू. साने गुरुजी अमळनेरला प्रताप हायस्कूलात शिकवायचे तेव्हा छात्रालयात मुलांमध्येच राहायचे, मुलांसाठी हातानं लिहून रोजचं पत्रक काढायचे, कोण रुसलंय कोणाचं काय चाललंय ते त्यांना ठाऊक असायचं. आजचा वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप म्हणजे रेक्टर नसलेलं होस्टेल आहे. बरेच सर ग्रुपमधून निघून गेले, का, तर ॲडमिनवर केस होते म्हणून. ही भीती पण अर्धवट माहितीची आहे. गोंदियाकडच्या एका प्रकरणात मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलंय की दुसऱ्या मेंबरनं टाकलेल्या पोस्टसाठी नुसता ॲडमिन आहे म्हणून कोणी गुन्हेगार होत नाही. उलट २०२२ पासून ॲडमिनला कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. म्हणजे सर ग्रुपवर राहिले तर स्टिकर पडल्या पडल्या उडवू शकतात, निघून गेले तर ते स्टिकर वर्षभर फिरतं. सरांनी पोरांच्या खाजगी ग्रुपमध्ये घुसावं असं मी म्हणत नाही, पण जो वर्गाचा म्हणून ग्रुप आहे त्यात एक मोठं माणूस पाहिजे.

आणि शाळेनं कोणावर काम करावं? सगळे दोनच पोरांकडे बघतात, मारणारा आणि मार खाणारा. मधले चाळीस कोणी बघत नाही. कॅनडात टोरोंटोच्या शाळांच्या मैदानावर संशोधकांनी कॅमेरे लावून बघितलं होतं, २००१ मध्ये छापून आलं ते, दुसऱ्या पोरानं मध्ये पडून अडवलं तर अर्ध्याहून जास्त वेळा, ५७ टक्के, त्रास १० सेकंदांच्या आत थांबला. १० सेकंद! मोठ्यांची मीटिंग पण तेवढ्यात सुरू होत नाही. फिनलंडनं किवा नावाचा कार्यक्रम तुर्कू विद्यापीठाकडून बनवून घेतला आणि २००९ पासून शाळाशाळांत नेला, त्याचा सगळा भर ह्या बघ्या पोरांवर आहे. ऑनलाईन तर मध्ये पडणं अजून सोपं, भांडायला पण नको. स्टिकरला हसायचं नाही, पुढे पाठवायचं नाही, आणि ज्याचं स्टिकर आहे त्याला बाजूला एक मेसेज टाकायचा, भाऊ मला नाही आवडलं हे, उद्या डब्याला सोबत बसू. त्या म्हशीच्या स्टिकरवाल्या पोराला असा एक मेसेज आला होता वर्गातल्या एका पोरीचा, नंतर तोच तो मला दाखवत होता सारखा, स्टिकर नाही.

पोरापोरींच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समिती नावाची एक समिती प्रत्येक शाळेत असायला पाहिजे, २०२२ च्या सरकारी आदेशानं. तुमच्या पोराच्या शाळेत आहे का, तिच्यावर कोण कोण आहे, एवढं एकदा जाऊन विचारा. एका शाळेत मी विचारलं तर तक्रारपेटी दाखवली, कुलुपाची किल्ली कोणाकडे आहे ते मात्र कोणालाच आठवेना.

आता माझ्या धंद्यातलं सांगतो, काय करायचं ते. पहिलं म्हणजे घाबरून चॅट डिलीट करू नका. सगळे तेच करतात, आणि मग पोलिसांना दाखवायला काही राहत नाही. स्क्रीनशॉट काढा, त्यात आयडीचं नाव, तारीख, वेळ दिसली पाहिजे, आणि त्या प्रोफाइलची लिंक कॉपी करून कुठेतरी लिहून ठेवा, कारण फेक आयडीवाला नाव रोज बदलतो. मात्र एक अपवाद, आणि हा फार महत्त्वाचा, १८ खालच्या कोणाचा उघडा किंवा तसला फोटो असेल, खरा असो की एआयचा, तर त्याचा स्क्रीनशॉट काढायचा नाही, पुरावा म्हणून काकाला मामाला पाठवायचा नाही. तो बाळगणं आणि पुढे पाठवणं हाच गुन्हा होतो, सुप्रीम कोर्टानं २०२४ मध्ये हे अजून घट्ट केलंय. नुसती लिंक लिहा आणि पोलिसांकडे जा. आणि असं प्रकरण कळल्यावर शाळेनं दाबून ठेवलं तर पोक्सो कायद्यात, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्यात, दाबणाऱ्यावर पण कारवाई आहे, हे हेडमास्तरांना नम्रपणे सांगायला हरकत नाही.

रिपोर्ट करायला पोरं घाबरतात की त्याला कळेल. कळत नाही. इन्स्टा सांगत नाही कोणी रिपोर्ट केलं, व्हॉट्सॲप पण नाही. व्हॉट्सॲपवर रिपोर्ट दाबलं की त्या चॅटमधले शेवटचे पाच मेसेज कंपनीकडे जातात, म्हणून घाण मेसेज आल्या आल्या दाबायचं, दोनशे मेसेज झाल्यावर नाही. ब्लॉक करायला पोरं तयार नसतात, उद्या वर्गात तो विचारेल मला ब्लॉक का केलंस, त्यांचं बरोबर आहे. त्यासाठी इन्स्टात रिस्ट्रिक्ट आहे, त्याची कमेंट त्याची त्यालाच दिसते, बाकी कोणाला नाही, आणि त्याला वाटतं आपली कमेंट पडली. व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये ग्रुप्समध्ये जाऊन माझे कॉन्टॅक्ट करून टाका, म्हणजे कोणी अनोळखी उचलून ग्रुपमध्ये टाकत नाही.

तसल्या फोटोंसाठी टेक इट डाऊन नावाची एक मोफत सोय आहे, अमेरिकेतल्या हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राची, पण कुठूनही वापरता येते. फोटो काढला तेव्हा वय १८ खाली पाहिजे. नाव द्यायचं नाही, फोटो पण पाठवायचा नाही, फोन स्वतःच त्या फोटोचा एक आकडा बनवतो आणि तो आकडा फेसबुक-इन्स्टासारख्या कंपन्यांकडे जातो, त्यांच्याकडे तो फोटो आला की ओळखून काढता येतो. व्हॉट्सॲपच्या चॅटमधलं मात्र त्यानं निघत नाही, हे पण खरं. शिवाय आपल्या देशाच्या २०२१ च्या आयटी नियमांत असे फोटो, किंवा कोणाच्या नावानं बनवलेलं खोटं, तक्रार आल्यापासून आधी २४ तासांत आणि फेब्रुवारी २०२६ पासून तर २ तासांत काढायची जबाबदारी कंपनीवर टाकलीय. म्हणजे रिपोर्ट करून हात जोडून बसायचं नाही, दुसऱ्या दिवशी परत मागे लागायचं.

नंबर. १०९८ हा मुलांचा, पोरगं स्वतः लावू शकतं, पैसे लागत नाहीत. तातडीचं असेल तर ११२. पोरगं जेवत नाही, झोपत नाही, जगण्याबद्दल उलटसुलट बोलतंय असं वाटलं तर १४४१६, टेलिमानस, मानसिक त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, मराठीत बोलतात, आणि अशा वेळी पोराला एकटं सोडू नका. तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर घरबसल्या करता येते, महिला आणि मुलांचा वेगळा भाग आहे तिथं. १९३० हा पैशाच्या फसवणुकीचा नंबर आहे, लोक तिथं फोटोची तक्रार करत बसतात आणि वेळ घालवतात. सायबर पोलीस जळगावला आहेत म्हणून तिथंच जा असं कोणी म्हटलं तर ऐकू नका, तक्रार जवळच्या ठाण्यात पण घ्यावी लागते.

फेक आयडीवाल्या पोरांना पण चार शब्द, पेपर वाचत नसाल पण कोणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकेलच. तुम्हाला वाटतं नाव दुसरं टाकलं की सापडत नाही. पोलीस कंपनीला विचारतात, कंपनी नंबर आणि आयपी, म्हणजे इंटरनेटचा पत्ता, देते, आणि तो नंबर कोणाच्या नावावर असतो, तुमच्या बापाच्या. सकाळी सहाला फोन बापाला येतो. दुसऱ्याच्या नावानं खातं चालवणं, कोणाचा खाजगी फोटो टाकणं, ह्याला आयटी कायद्यात तीन-तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, लहान मुलांच्या तसल्या फोटोला पाच वर्षांपर्यंत आणि १० लाख दंड. ऑनलाईन सारखं एखाद्या पोरीच्या मागे लागणं हा भारतीय न्याय संहितेत पाठलागाचा गुन्हा आहे, पोरीनं नको म्हटल्यावर रोज नवीन आयडीवरून मेसेज, हे त्यातच येतं.

तरी पण, करणारा पण पोरगाच आहे हे विसरून चालत नाही. त्याला चौकात बडवायचा, त्याचा माफीचा व्हिडिओ काढून स्टेटसला लावायचा, हा प्रकार आपल्याकडे फार वाढलाय आणि लोक टाळ्या वाजवतात. अरे, तो व्हिडिओ फिरवणं हा तोच खेळ झाला, फक्त आता मोठी माणसं खेळतायत. १८ खालच्या पोराचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं, लॉकअप नाही बेडी नाही, समुपदेशन, समाजसेवा असं सांगतात तिथं. माझ्याकडे ज्यांची नावं आलीत त्यातले बरेच जण आधी स्वतः कोणाचं तरी स्टिकर झालेले होते, हे पण सांगून ठेवतो.

शेवटचं तुमच्यासाठी साहेब, रागावू नका. असं प्रकरण झालं की काही पेपर आणि तालुक्यातले यूट्यूब न्यूजवाले नाव छापत नाहीत, पण लिहितात अमुक गावची नववीतली मुलगी, वडील अमुक खात्यात, आई अंगणवाडीत. झालं की, आठवडे बाजारात दुपारपर्यंत सगळ्यांना कळतं. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ मध्ये नावच काय, पत्ता, शाळा, ओळख पटेल असं काहीही छापायला मनाई आहे, ज्याच्यावर झालं त्याचं पण आणि ज्यानं केलं त्याचं पण. सहा महिन्यांपर्यंत कैद नाहीतर २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पोक्सोत तर कैद झाली की ती कमीत कमी सहा महिने. तुमच्या वार्ताहरांना एवढं सांगा की गाव आणि यत्ता काढून टाका, बातमी कुठेच कमी होत नाही. आणि ती जागा वाचेल त्यात १०९८ आणि १४४१६ छापा, दर बातमीखाली, लहान अक्षरात नको.

आपला,
एक मोबाईल रिपेअरिंगवाला, चोपडा, जि. जळगाव

ता.क. नाव छापू नका. लोकांनी दुकान ओळखलं तर पोरं टेम्पर्ड ग्लास विचारायला पण येणार नाहीत.